आज्ञा थांबल्यावर

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. यंत्रांशी आमचा संबंध वर्गातला प्रोजेक्टर बंद पडला की शिपायाला हाक मारण्यापुरता. तरीही आमच्या संस्थेच्या अभियांत्रिकी शाखेत घडलेल्या एका अपघाताच्या चौकशी समितीवर आमची नेमणूक झाली. अहवाल 'शुद्ध मराठीत' हवा, एवढेच त्याचे कारण. समितीत बसून आम्ही व्याकरण तपासावे आणि चहा घ्यावा, अशी अपेक्षा असावी. प्रत्यक्षात एका वाक्यापाशी आम्ही असे अडलो, की त्या निमित्ताने दीडशे वर्षांचा एक इतिहास वाचून काढावा लागला. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

अपघाताची हकीकत थोडक्यात अशी. यंत्रमानवांच्या झुंजीसाठी विद्यार्थ्यांनी साठ किलो वजनाचा एक रोबो तयार केला होता. मुंबईच्या आयआयटीतील 'टेकफेस्ट'मध्ये अशा झुंजी होतात आणि त्यांचे वेड आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. सरावाच्या वेळी चालकाच्या हातातील ट्रान्समीटरचे सेल निखळले आणि संदेश तुटला. रोबो थांबायला हवा होता. तो थांबला नाही. सरळ पुढे धावत गेला, लाकडी कठड्यावर आदळला आणि कठडा व भिंत यांच्यामध्ये उभ्या असलेल्या द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याची नडगी मोडली. अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होते : 'संदेश तुटल्यामुळे यंत्र बेकाबू झाले.' व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य. आम्ही त्यावर बरोबरची खूणही केली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा-साहाय्यकाने तो रोबो चार विटांवर ठेवला, म्हणजे चाके अधांतरी राहिली. मग त्याने ट्रान्समीटर बंद केला. चाके फिरू लागली. एकाच गतीने, एकाच दिशेने. त्याने हे तीनदा करून दाखवले आणि तिन्ही वेळा तेच झाले. बेकाबू झालेली वस्तू तीन वेळा हुबेहूब तेच करीत नाही. यंत्र कोणाची तरी आज्ञा पाळीत होते. मग ती आज्ञा कोणाची, आणि ती कधी दिली गेली?

आज्ञा येणे बंद झाले तर काय करायचे, हा प्रश्न रेडिओच्या किती तरी आधीचा आहे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात एलायशा ओटिस याने एका उघड्या पाळण्यावर उभे राहून, पाळणा उंचावर गेल्यावर, त्याला पेलणारा दोर तोडवून घेतला. पाळणा किंचित खाली येऊन जागीच थांबला. ओटिसची युक्ती दोराच्या ताणात होती. दोर ताणलेला असेपर्यंत वरची पोलादी स्प्रिंग वाकलेली राहत असे. ताण गेला की ती सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. म्हणजे थांबवण्यासाठी कोणी काही करायचे नव्हते. दोर शाबूत असणे हीच 'चालू दे' ही आज्ञा होती आणि ती सतत द्यावी लागत होती.

ही कल्पना आज ऐकताना साधी वाटते. परंतु तिच्या उलट विचार करणे मनुष्यस्वभावाला अधिक सोपे जाते, याची साक्ष रेल्वेचा इतिहास देतो. आपण सामान्यतः गती गृहीत धरतो आणि थांबणे मागून घेतो. इंग्लंडमधील सिग्नल बरीच वर्षे याच समजुतीवर चालत : मार्ग मोकळा हीच नेहमीची स्थिती, आणि धोका असेल तेव्हाच सिग्नलचा हात आडवा करायचा. २१ जानेवारी १८७६ रोजी अ‍ॅबट्स रिप्टन येथे बर्फाच्या वादळात सिग्नलचे हात आणि तारा गोठल्या. केबिनमधल्या माणसाने दांडा ओढला, त्याच्या लेखी सिग्नल 'धोका' दाखवू लागला. बाहेर हात मात्र 'या' असेच सांगत राहिला. उत्तरेकडून आलेली एक्सप्रेस समोरच्या कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर काही मिनिटांत दुसरी एक्सप्रेस येऊन धडकली. सिग्नल मुका झाला होता, आणि त्या व्यवस्थेत मौनाचा अर्थ संमती असा ठरलेला होता. या अपघातानंतर 'धोका' हीच सिग्नलची नेहमीची स्थिती मानण्याची रीत पक्की झाली.

ब्रेकच्या बाबतीत हाच धडा अधिक महाग पडला. वेस्टिंगहाउसचा १८६९ सालचा पहिला हवेचा ब्रेक सरळ होता : इंजिनातून नळीवाटे हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागत. नळी फुटली तर ब्रेकच नाहीत. तीनच वर्षांत, १८७२ साली, त्याने सगळे उलटे केले. आता नळीतला दाब ब्रेक सोडून धरीत असे. दाब गेला, मग तो चालकाने काढला असो की डबा तुटल्यामुळे गेलेला असो, की ब्रेक आपोआप लागत. म्हणजे १८७२ पासून उपाय उपलब्ध होता. तरीही कंपन्यांना तो खर्चीक वाटत होता आणि ब्रिटनचे व्यापार मंडळ वर्षानुवर्षे आर्जवे करीत होते.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथून रविवारच्या शाळेची सहल निघाली. गाडीत सुमारे नऊशेचाळीस माणसे होती, त्यांतली बरीच मुले. चढावर इंजिन अडले. पुढचे पाच डबे तोडून पुढच्या स्टेशनात ठेवायचे आणि मागच्या दहा डब्यांसाठी परत यायचे, असे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण साधा, आपोआप लागणारा नव्हे. डबे तोडताना नळी सुटली आणि मागच्या दहा डब्यांचा ब्रेक त्याच क्षणी गेला. उरला तो शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. (घाटात ट्रक थांबला की क्लिनर उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सरकवतो, ते दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. आर्माच्या कर्मचाऱ्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते.) पुढचा भाग सुटताना किंचित मागे आला, डब्यांना धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि दहा डबे उतारावरून मागे धावू लागले. मागून नेहमीची गाडी येत होती. सुमारे ऐंशी माणसे मेली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती.

त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. सतरा वर्षांची आर्जवे एका उन्हाळ्यात कायदा झाली. हा क्रम आम्हाला वाचताना फार बोचला. शोध आधी लागतो, मृत्यू नंतर येतात आणि सक्ती त्याच्याही नंतर.

आपल्या आगगाडीतली साखळी याच घराण्यातली. निर्वात ब्रेकच्या काळात ती ओढली की झडप उघडून नळीत हवा शिरे आणि ब्रेक लागे. प्रवासी ब्रेक लावीत नसे, ब्रेकला अडवून धरणारी पोकळी मोडीत असे. बोरघाटातील जुन्या पकड-मार्गांचीही हीच तऱ्हा. उतारावरच्या सांध्यावर रूळ नेहमी जोडलेले असत ते वर चढून संपणाऱ्या आडवाटेला. गाडी काबूत आहे अशी खात्री पटल्यावरच मुख्य वाट जोडून दिली जाई. मुंबईच्या लोकलच्या मोटरमनला जी मूठ सतत दाबून धरावी लागते, तिचे इंग्रजी नाव मेलेल्या माणसाची मूठ असे आहे. नाव भीषण आहे, पण नेमके आहे : या यंत्राने चालकाचा मृत्यू आधीच विचारात घेतलेला आहे.

येथवरच्या सगळ्या उदाहरणांत आज्ञा आणि यंत्र यांच्यामध्ये काही तरी हाताला लागणारे होते. दोर, नळी, तार, मूठ. ते तुटले की तुटल्याचे यंत्राला 'कळत' होते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदातली छोटी नाव बिनतारी संदेशांनी चालवून दाखवली, तेव्हा हा दोरच नाहीसा झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळाले. त्याच्या नावेत प्रत्येक संकेतासरशी आतली चकती एक घर पुढे सरके आणि पुढचा संकेत येईपर्यंत तेथेच राही. म्हणजे संकेत आला नाही, तर शेवटची आज्ञा चालू. हौदातल्या नावेला ते चालून गेले. पण वेस्टिंगहाउसने जे उलटे केले होते, ते पुन्हा सुलटे झाले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. नव्या माध्यमाने जुनी शिकवण सोबत आणली नाही.

रेडिओने चालणाऱ्या खेळण्यांच्या आणि यंत्रांच्या पुढील इतिहासात हा प्रश्न दोन रूपांत येतो. पहिला गोंगाटाचा. जुन्या रिसीव्हरला ट्रान्समीटर ऐकू आला नाही, तर त्याच्या कानी शांतता येत नसे. आसमंतातली खरखर येई, आणि तो खरखरीतूनच आज्ञा वाचू पाही. मोटरी झटके देत, सुकाणू थरथरत. म्हणून तेव्हाचा दंडक असा, की आधी ट्रान्समीटर चालू करायचा आणि मग यंत्र. बंद करताना उलट. आज्ञा देणारा जागा झाल्याशिवाय आज्ञा घेणाऱ्याला जागे करायचे नाही.

पुढे संकेत अंकांच्या भाषेत जाऊ लागले आणि रिसीव्हर खरी आज्ञा कोणती, खरखर कोणती हे ओळखू लागला. तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला. आज्ञा नाही हे कळले. आता काय करायचे? उत्तरे दोन होती. एक, शेवटची आज्ञा धरून ठेवायची. दोन, आधी ठरवून ठेवलेल्या स्थितीत जायचे. विमाने उडवणाऱ्यांना पहिले उत्तर काही काळ सोयीचे होते, कारण क्षणभर संदेश गेला म्हणून विमानाने सुकाणू सोडणे घातक ठरे. पण जमिनीवरच्या जड यंत्राला हेच उत्तर प्राणघातक. पूर्ण वेगात असताना संदेश गेला, तर 'धरून ठेवणे' म्हणजे पूर्ण वेगातच राहणे.

येथे एक तांत्रिक बारकावा सांगितला पाहिजे, कारण आमचा सगळा घोळ त्यातच होता. आणि भाषेच्या अभ्यासकाला तो आवडेलही. रिसीव्हर मोटर-नियंत्रकाला सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एक छोटा ठोका पाठवतो. ठोक्याची लांबी हाच शब्द. दोन मिलिसेकंद म्हणजे पूर्ण पुढे, एक म्हणजे पूर्ण मागे, दीड म्हणजे थांब. 'थांब' हीसुद्धा आज्ञाच आहे, आणि सेकंदाला पन्नास वेळा ती उच्चारावी लागते. ठोके मुळीच न येणे ही निराळी गोष्ट. बहुतेक नियंत्रक ठोके बंद झाले की क्षणार्धात मोटर सोडून देतात. तेव्हा संदेश तुटल्यावर रिसीव्हरने काय करावे? ठोके बंद करून गप्प बसावे, की 'थांब, थांब' म्हणत राहावे? दोन्हीपैकी काहीही चालेल. धोका तिसऱ्यातच आहे : त्याने भलताच शब्द उच्चारत राहावे.

साधारण २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकदा गाठ घालून द्यावी लागते. याला मुले 'बाइंड करणे' म्हणतात. अनेक संचांत गाठ घालण्याच्या क्षणी ट्रान्समीटरच्या दांड्या ज्या स्थितीत असतील, ती स्थिती रिसीव्हर स्मरणात ठेवतो, आणि संदेश तुटला की तिचाच उच्चार करतो. आमच्या मुलांनी आदल्या रात्री रिसीव्हर बदलला होता. जुन्या रिसीव्हरची परीक्षा त्यांनी घेतली होती. नव्याचीही तीच समजली. गाठ घालताना एकाने बोटाने रिसीव्हरचे बटण दाबून धरले, दुसऱ्या हातातला ट्रान्समीटर छातीशी धरला आणि त्याच्या शर्टाने दांडी अर्धवट पुढे ढकलली गेली. दिवा लुकलुकला, स्थिर झाला, सगळे खूश झाले. त्या क्षणी यंत्राला सांगितले गेले होते : मी नसेन, तेव्हा अर्ध्या वेगाने पुढे जा. अपघाताच्या दिवशी त्याने ते पाळले.

झुंजींच्या नियमावल्या वाचल्या, की हा धोका त्या जगाला नवा नाही हे दिसते. मार्क थॉर्पने १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबो वॉर्स' भरवली. १९९८ पासून बीबीसीने ब्रिटनमध्ये ती घरोघर पोहोचवली. तेथील जड गटाची मर्यादा पुढे एकशेदहा किलोपर्यंत गेली. आज कोठलीही जबाबदार स्पर्धा आधी मैदानाबाहेर तांत्रिक तपासणी घेते : चाके वर, ट्रान्समीटर बंद, आणि चाके व हत्यार दोन्ही थांबले पाहिजेत. ब्रिटिश नियमांत फिरते हत्यार साठ सेकंदांत थांबावे अशी अट आहे. कारण मोटरीची वीज गेली तरी पोलादी चकतीत साठलेली गती जात नाही. यंत्र उलथे न करता बाहेरून उपटता येईल असा बॅटरीचा जोड असावा, हीही अट. खरोखर जड यंत्रांत याच्या पुढे जाऊन ब्रेकलाच स्प्रिंग लावतात; वीज असेपर्यंत ब्रेक उघडा, वीज गेली की स्प्रिंग तो दाबते. ओटिसचा दोर येथे पुन्हा भेटतो.

मात्र 'थांबणे' हे सर्व प्रसंगी पुरेसे उत्तर असते, असे आम्हाला वाचनाअंती वाटेनासे झाले. जपानमध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या दुर्घटनेनंतर 'क्विन्स' नावाचा यंत्रमानव इमारतींत पाठवला गेला. रेडिओ जाड भिंतींत पोहोचत नाही म्हणून तो मागे तार सोडीत जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती तार तुटली. क्विन्स थांबला, कोणाला इजा झाली नाही. नियमावलीप्रमाणे सगळे योग्य झाले. पण त्याला आणायला माणसाने जावे अशी ती जागा नव्हती. तो तेथेच राहिला.

मग 'घरी परत ये' हे उत्तर का देऊ नये? बाजाराहून परतताना गाडीवान झोपला, तरी बैल गाडी बरोबर गोठ्याशी आणतात, हे आपल्या आजोबांच्या पिढीने अनुभवलेले आहे. मानवरहित विमानांना आज हेच शिकवतात. पण बैलाला वाट ठाऊक असते. यंत्राला ती लिहून द्यावी लागते आणि लिहिण्यात चूक राहते. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'फायर स्काउट' या मानवरहित हेलिकॉप्टरचा संदेश तुटला, तेव्हा त्याने परत फिरायला हवे होते. संगणकाच्या आज्ञावलीतल्या दोषामुळे ते फिरले नाही आणि वॉशिंग्टनभोवतीच्या प्रतिबंधित आकाशात शिरले. पुन्हा संपर्क साधून ते उतरवता आले, हे नशीब.

आणि यंत्र अजिबातच ऐकत नाही तेव्हा काय होते, ते १९८६ साली चेर्नोबिलला दिसले. छपरावर पडलेले किरणोत्सारी तुकडे ढकलण्यासाठी पश्चिम जर्मनीहून आणलेला 'जोकर' किरणांच्या माऱ्यात निकामी झाला. चंद्रावर गेलेल्या 'लुनोखोद'चा चाकांचा सांगाडा बनवणाऱ्या सोव्हिएत संस्थेने बनवलेल्या यंत्रांनी काही काम केले; उरलेले काम फावडी घेतलेल्या तीन हजारांहून अधिक सैनिकांनी केले. एका खेपेला दोन-तीन मिनिटे, कधी त्याहूनही कमी. त्यांना 'जैव-रोबो' म्हणत. कारेल चापेकने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या नाटकासाठी त्याच्या भावाने, योसेफने, सुचवलेला हा शब्द 'रोबोता'वरून आला, आणि 'रोबोता' म्हणजे आपल्याकडची वेठ. यंत्रासाठी माणसाच्या वेठीचे नाव घेतले गेले होते. सहासष्ट वर्षांनी ते माणसाला परत मिळाले. शब्दार्थाचे असे प्रवास आम्ही वर्गात एरवी हौसेने शिकवतो. हा अजून शिकवता आलेला नाही.

आता आमचे वाक्य. खर्ड्यात आम्ही सुधारणा केली : 'यंत्र बेकाबू झाले नाही, रिसीव्हर जोडताना नकळत दिली गेलेली आज्ञा त्याने पाळली. नव्या रिसीव्हरची परीक्षा घेण्याची रीत विभागात नव्हती.' समितीत यावर बराच वेळ चर्चा झाली. पहिल्या वाक्याचा कर्ता यंत्र आहे, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. 'दिली गेलेली' हा कर्मणी प्रयोगही सर्वांना सोयीचा वाटला, कारण त्यात विद्यार्थ्याचे नाव येत नव्हते. त्या मुलाचे नाव यावे अशी आमचीही इच्छा नव्हती. अडचण दुसऱ्या वाक्याची होती. त्यात कर्ता 'रीत' होता आणि रीत घालून देणे हे कोणाचे तरी काम असते. अंतिम प्रतीत दुसरे वाक्य नाही. पहिल्याच्या जागी 'तांत्रिक बिघाडामुळे यंत्र बेकाबू झाले' असे आले आहे. प्रतीवर आमच्या सह्या आहेत, कारण सह्या आधीच्या पानावर घेतल्या होत्या.

नडगी मोडलेला मुलगा आता चालतो. परवा त्यांच्या कार्यशाळेत गेलो होतो. रोबोच्या झाकणावर कोणीतरी मार्करने लिहिले आहे : 'रिसीव्हर बदलला? विटा आण.' खाली तारखांचा रकाना आहे आणि प्रत्येक तारखेपुढे दोन सह्या. एक जोडणाऱ्याची, एक ट्रान्समीटर बंद करून पाहणाऱ्याची.